धुळ्याच्या रस्त्यावर दोन शर्यती

मेहकरजवळ तुम्ही समृद्धी महामार्गावर चढता. सुरुवातीलाच फलक लागतो: दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर यांना इथं मज्जाव. बैलगाडीचा तर प्रश्नच नाही. दोन्ही बाजूंनी रस्ता बंदिस्त केलेला, काटा १२० वर, आणि सिंदखेडराजाकडं जाताना मैलोन्‌मैल माणूस दिसत नाही. वेगासाठी रस्ता माणसांपासून तोडून घ्यावा लागतो, हे आज आपल्याला इतकं सवयीचं झालंय की ते कधीतरी कुणाला पहिल्यांदा सुचलं असेल, हेही मनात येत नाही.

ते आपल्याकडं सुचण्याआधीच्या काळात जायचं असेल, तर इथूनच निघा. साल १९०४, डिसेंबरचे शेवटचे दिवस.

समृद्धी नाही, मोटार नाही, डांबर नाही. तुम्ही बुलढाण्यात आहात आणि अंगावर घोंगडी घेऊनही थंडी वाजते आहे. जिल्ह्याचा नकाशा अजून तुमच्या ओळखीचा झालेला नाही. खामगाव आणि जळगाव जामोद हे तालुके या घडीला अकोला जिल्ह्यात मोडतात; ते बुलढाण्याला जोडले जातील येत्या ऑगस्टमध्ये. वऱ्हाड नुकताच, १९०३ साली, मध्य प्रांताच्या कारभाराखाली गेला आहे. मलकापूरला जायचं तर दमणी ठरवायची. धुरकरी संध्याकाळीच बैल जुंपतो, गाडीखाली कंदील टांगतो आणि राजूर घाट उतरायला लागतो. उतारावर तो खाली उतरून बैलांच्या पुढं चालतो, कासरा हातात आखडून. दमणीच्या धावा खडीवर करकरतात.

या खडीकडं जरा बघा. पाच वर्षांपूर्वी, १८९९-१९०० च्या दुष्काळात, वऱ्हाडात आणि खानदेशात सरकारी दुष्काळी कामांवर हजारो माणसं खडी फोडत होती. बाया, म्हातारे, पोरंसोरं. दिवसभर दगड फोडायचा आणि जेमतेम पोटापुरती मजुरी घ्यायची. त्या वर्षात वऱ्हाड-खानदेशातल्या कितीतरी रस्त्यांवर जी खडी पडली, ती उपाशी हातांनी फोडलेली होती. आता तुम्ही जी गाड्यांची चढाओढ बघायला निघाला आहात, तिच्या चाकांखाली काय आहे हे आधी ठाऊक असलेलं बरं. मोटारींच्या शर्यतींचे इतिहास इंजिनापासून सुरू होतात. मला ते नेहमी रस्त्यापासून सुरू व्हावेत असं वाटतं.

दिवस वर आल्यावर मलकापूर. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं स्टेशन. फलाटावरचं घड्याळ तुमच्या सावलीपेक्षा पाव तासानं पुढं आहे, कारण रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालते आणि बुलढाण्याचा सूर्य मद्रासच्या मागून सुमारे १६ मिनिटांनी डोक्यावर येतो. रेल्वेनं प्रमाणवेळ धरायला १९०५ चा जुलै उजाडावा लागेल. मुंबई शहर तर अजून आपल्या स्वतःच्या वेळेवर चालतंय. दिल्लीच्या आणि मुंबईच्या सूर्यात १७-१८ मिनिटांचा फरक. दिल्लीहून मुंबईपर्यंत मोटारी सोडून कोण किती वेळात पोहोचला हे मोजणाऱ्यांना पहिला पेच इथंच पडणार: वेळ कुठली धरायची?

हो, तुम्ही तेच बघायला चालला आहात. ‘मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही मुंबईची नवीकोरी संस्था. तिनं नाताळच्या सुट्टीत दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची चाचणी ठेवली आहे. दिल्ली, आग्रा, ग्वाल्हेर, गुणा, इंदूर, मग सातपुडा ओलांडून धुळे, नाशिक आणि मुंबई. आठशे मैलांहून जास्त अंतर. वऱ्हाडातून हा रस्ता जात नाही. तुम्हाला गाठता येईल असं सगळ्यात जवळचं ठिकाण म्हणजे धुळे.

तिसऱ्या वर्गाच्या डब्यात गर्दी आहे, प्लेग अजून गेलेला नाही, आणि लोक एकमेकांकडं जरा अंतर राखूनच बघतात. बोदवड, वरणगाव, भुसावळ. भुसावळला समोरून मुंबईहून आलेली गाडी उभी आहे. तिच्यात पागोटी घातलेले अमरावती-नागपूरचे वकील दिसतात. मुंबईत सर हेन्री कॉटन यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचं अधिवेशन नुकतंच पार पडलं आहे आणि प्रतिनिधी परतीच्या वाटेवर आहेत. त्यांच्या बोलण्यात कर्झनसाहेब आहेत. मोटारींबद्दल कुणी बोलत नाही. एकाच आठवड्यात, एकाच शहराच्या वाटेवर दोन वेगळे भारत धावताहेत आणि त्यांची गाठ पडत नाही.

चाळीसगावपर्यंत बसून राहायचंच आहे, तोवर तिकडं युरोपात काय घडलंय ते ध्यानात घ्या. नाहीतर धुळ्याला जे दिसेल त्याचं मोल कळणार नाही.

दहा वर्षांपूर्वी, जुलै १८९४ मध्ये, पॅरिसच्या ‘ल प्ती जूर्नाल’ या वर्तमानपत्रानं पॅरिस ते रुआँ अशी बिनघोड्यांच्या गाड्यांची स्पर्धा भरवली. काउंट द दिओंची वाफेवरची गाडी सगळ्यांच्या आधी पोहोचली, तरी पहिलं बक्षीस पेट्रोलवर चालणाऱ्या पोजो आणि पानार यांना वाटून मिळालं, कारण परीक्षकांना वेगापेक्षा सोय आणि सुरक्षितता मोलाची वाटत होती. पुढच्याच वर्षी तो विचार मागं पडला. पॅरिस-बोर्दो-पॅरिस, ११७८ किलोमीटर. एमिल लव्हासोर हा पन्नाशीचा माणूस जवळजवळ ४९ तास स्वतः गाडी चालवत राहिला, सरासरी ताशी २४ किलोमीटर, आणि दुसऱ्यापेक्षा कित्येक तास आधी पोहोचला. त्याच शर्यतीत मिशलँ बंधूंनी हवा भरलेले टायर लावून गाडी उतरवली. ते टायर वाटेत इतक्यांदा फुटले की लोक हसले. पण मग सगळ्यांनी तेच टायर घेतले.

शहरापासून शहरापर्यंत, उघड्या रस्त्यावरून, हीच तेव्हाची शर्यत. न्यूयॉर्क हेरल्डचे मालक जेम्स गॉर्डन बेनेट यांनी १९०० साली देशादेशांत चुरस लावणारा चषक ठेवला. प्रत्येक देशाचा मोटार क्लब जास्तीत जास्त तीन गाड्या उतरवू शकणार आणि गाडीचा प्रत्येक भाग त्याच देशात बनलेला हवा. आंतरराष्ट्रीय मोटार शर्यत म्हणतात ती इथून सुरू झाली.

आणि मग २४ मे १९०३. पॅरिस-माद्रिद. दोनशेहून जास्त गाड्या आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना लाखांनी माणसं. धुरळ्यानं समोरचं काही दिसेना. वळण कुठं, झाड कुठं, पोर रस्त्यात आलंय की कुत्रं, काही कळेना. झाडाची शेंडी बघून रस्त्याचा अंदाज घ्यायचा, असं चालवणारे सांगत. गाब्रियेल नावाचा चालक ताशी १०५ किलोमीटरच्या सरासरीनं बोर्दोला पोहोचला. मार्सेल रनो पोहोचलाच नाही. अपघातानंतर दोन दिवसांनी तो गेला. त्याच्याबरोबर इतरही गेले: चालक, त्यांचे मेकॅनिक, कडेला उभे राहिलेले लोक. फ्रेंच सरकारनं बोर्दोतच शर्यत थांबवली. इंजिनं सुरू करायलाही परवानगी मिळाली नाही. जगातल्या सगळ्यात वेगवान मोटारींना घोडे जुंपून रेल्वे स्टेशनापर्यंत ओढत नेलं आणि मालगाडीत भरून पॅरिसला धाडलं.

शहर ते शहर ही रीत युरोपात त्या दिवशी संपली. महिन्याभरानं गॉर्डन बेनेट चषकाची शर्यत आयर्लंडमध्ये झाली, ती पार्लमेंटात खास कायदा करून, सार्वजनिक रस्ते दिवसभर बंद ठेवून, हजारो पोलीस उभे करून. कामिय यनात्सी मर्सिडीजवर जिंकला. वेग हवा तर माणसं बाजूला करा, हा मेहकरच्या फलकावरचा नियम तिथं पहिल्यांदा ठळकपणे लिहिला गेला.

त्यानंतर दीड वर्षानं, दिल्लीहून मुंबईला, कुठलाही रस्ता बंद न करता मोटारी निघाल्या आहेत. ही वेगाची शर्यत नव्हे. विश्वासार्हतेची चाचणी आहे, इंग्लंडात १९०० साली हजार मैलांची झाली तशी. सगळ्यांच्या पुढं जाण्यापेक्षा न मोडता पोहोचण्याला इथं जास्त किंमत. तरी माणूस स्टिअरिंगला बसला आणि पुढं दुसऱ्याचा धुरळा दिसला की काय होतं, ते तुम्ही जाणताच.

चाळीसगावला उतरा. धुळ्याचा फाटा इथून निघतो, चार वर्षांपूर्वीच सुरू झालेला. जामदा, शिरूड, आणि दुपारी धुळे. पांझरेकाठचं हे गाव अजून अख्ख्या खानदेशचं मुख्य ठाणं आहे. पूर्व आणि पश्चिम असे खानदेशचे दोन तुकडे व्हायला वर्षभर अवकाश आहे.

गावातून बाहेर पडून सोनगीरच्या बाजूला आग्रा रोडवर चालत जा. सरळ, पांढुरका, दोन्ही बाजूंना बाभळी. कापसाचा हंगाम. सोनगीर-नरडाण्याकडून कापसानं लादलेल्या गाड्यांची रांगच्या रांग जिनकडं चालली आहे; कापूस गाडीच्या दोन्ही अंगांनी फुगून बाहेर आलेला आणि रस्त्याची रुंदी त्यानंच भरलेली. एक गाडीवान तुमच्याकडं बघून विचारतो, “कोठला शेतस तुम्ही?” मलकापूरकडचा म्हटल्यावर तो मान डोलावतो. कापसाचा माणूस कापसाच्या माणसाला ओळखतो. पुढची रांग थांबलेलीच आहे, म्हणून तोही खाली उतरतो आणि चिलीम काढतो.

उत्तरेकडून हा रस्ता कसा येतो तेवढं डोळ्यांपुढं आणा. ग्वाल्हेर म्हणजे माधवराव शिंद्यांचं राज्य, पुढं गुणाही शिंद्यांचाच मुलूख, मग होळकरांचं इंदूर. नर्मदा ओलांडली की सेंधवा, तिथून पळासनेरच्या बाजूनं सातपुडा उतरायचा, भिल्लांच्या वस्त्या, शिरपूर, सावळद्याजवळ तापी. दीडशे वर्षांपूर्वी दख्खनच्या फौजा हिंदुस्थानात जायच्या-यायच्या त्याच दिशा आणि त्याच नद्या. मोटारीला घाट, नदी आणि ऊन यांच्याशी तेच करावं लागतंय जे घोड्याला करावं लागत होतं, म्हणजे कुठं थांबून दम खायचा ते ओळखणं.

आधी आवाज येतो. फटफट नव्हे, लोखंड लोखंडावर घासल्यासारखी अखंड खडखड. मग क्षितिजावर धुरळ्याचा खांब. गाडीवान चिलीम विझवून बैलांकडं धावतो. रांगेतले सगळेच धावतात. कुणी जू उतरवतो, कुणी वेसण धरून बैलाचं तोंड शेताकडं वळवतो, कुणी खांद्यावरचं घोंगडं बैलाच्या डोळ्यांवर टाकतो. त्यांना कुणी सूचना दिलेली नाही, पोलीस उभा नाही. मागच्या गाडीचा एक खोंड तरी बुजतोच. गाडी तिरकी होऊन चारीत जाते, कापसाचा एक ढीग रस्त्यावर.

आणि मोटार समोर येते. तुम्ही एकविसाव्या शतकातून आला आहात, तरी ती किती उघडी आहे हे बघून थबकता. छप्पर नाही, समोर काच नाही, बाजूला दारं नाहीत. लाकडी आऱ्यांची चाकं, पितळी कार्बाइडचे दिवे, मागच्या चाकांना सायकलसारखी साखळी. चालवणारा डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पडलेला, गॉगल कपाळावर सरकवलेला, डोळ्यांभोवती तेवढी कातडी दिसते. शेजारी एक माणूस वही घेऊन. गाडी कुठं थांबली, का थांबली, किती वेळ, हे टिपणारा निरीक्षक. मागं दोन माणसांच्या जागेत पेट्रोलचे डबे, टायर, दोरखंड आणि त्यांच्यात कसाबसा बसलेला एक देशी मेकॅनिक. स्पर्धकांच्या यादीत नाव पुढच्या बाकावर बसणाऱ्याचं असतं. मागच्याचं मी शोधत राहतो.

तुमच्यापासून शंभर पावलांवर एक बार होतो. बैल पुन्हा उसळतात. टायर गेला. बैलाच्या खुराला ठोकलेल्या पत्रीचा खिळा किंवा बाभळीचा काटा. या रस्त्यावर हे दोन्ही पावलोपावली पडलेले. युरोपात घोड्याच्या नालांचे खिळे हाच मोटारवाल्यांचा मोठा वैरी होता, इथं त्यात बाभळीची भर.

मेकॅनिक उडी मारून उतरतो. जॅक लावायचा, टायर रिमच्या कडेत घट्ट बसलेला तो लोखंडी पट्ट्यांनी उपसून काढायचा, आतली ट्यूब शोधून ठिगळ लावायचं, आणि हातपंपानं हवा. चाक गाडीवरून सुटतच नाही, सगळं जागच्या जागी. निरीक्षक घड्याळ बघून वहीत लिहितो. मिनिट गेलं की गुण गेला. साहेब पाणी मागतो, स्वतःसाठी नव्हे, गाडीसाठी. रेडिएटरमधून वाफ येते आहे. ज्याची गाडी चारीत गेली तोच गाडीवान शेतातल्या विहिरीकडं बोट दाखवतो आणि मग स्वतःच मोट हाकणाऱ्याला हाक मारतो. दोन घागरी येतात. पाणी तांब्यानं ओतलं जातं, पोरं मोटारीभोवती कडं करतात. एकजण दिव्याच्या पितळेत आपलं तोंड बघतो.

हँडल मारतात. एकदा, दोनदा; तिसऱ्यांदा इंजिन पकडतं आणि निळसर धूर सुटतो, कारण या इंजिनांत तेल सतत ठिबकत राहतं आणि जळून जातं; ते ठिबकतंय की नाही हे डोळ्यात तेल घालून बघणं हेच चालवणाऱ्याचं निम्मं काम. गाडी हलते. कुणी नमस्कार करत नाही, कुणी पैसे देत नाही, वहीत घागरींची नोंद नाही. चारीतली गाडी चार जणांनी खांदा देऊन वर काढली जाते. सांडलेला कापूस वेचून घेतात, पण त्यात आता माती आहे आणि जिनमध्ये व्यापारी भाव पाडणार.

अंधार पडेपर्यंत मोटारी एकेक करून येत राहतात. फ्रेंच, इंग्रजी, नावं वाचता येतील तेवढ्या सावकाश. बसलेले बहुतेक साहेब. मुंबईत मोटार बाळगणाऱ्या भारतीयांत जमशेटजी टाटा हे पहिले मानले जातात, पण ते याच वर्षीच्या मे महिन्यात वारले. गॉर्डन बेनेटच्या शर्यतीत देश एकमेकांविरुद्ध धावत होते. इथं त्याच देशांचे कारखाने एका नव्या बाजारासमोर आपला माल घेऊन उभे आहेत. तुमच्या रस्त्यावर कोण टिकतो, एवढाच सवाल, आणि संस्थानिक त्याचं उत्तर बघून गाडी घेणार.

दुसऱ्या दिवशी पहाटे गावाच्या दुसऱ्या टोकाला, लळिंगच्या किल्ल्याखाली जा. मुक्काम संपवून मोटारी नाशिककडं निघतात आणि पहिलीच परीक्षा लळिंगच्या चढाची. इंजिनं गार, माणसं आखडलेली. एक गाडी चढावर मध्येच घुटमळते, मागच्या चाकाखाली दगड ठेवण्यासाठी मेकॅनिक धावतो. दुसरी तिला ओलांडून जाते आणि ओलांडताना दोघांच्या चेहऱ्यावर जे येतं, त्यावरून विश्वासार्हतेची चाचणी वगैरे सगळं बाजूला राहतं. शर्यत आहे ही. पुढं आर्वी, झोडगे, मालेगावची गिरणा, चांदवडचा राहूड घाट, पिंपळगाव, नाशिक, आणि शेवटी कसाऱ्याचा घाट उतरून मुंबई.

तुम्ही मात्र इथंच थांबा. वर्षं पुढं पळू द्या, जागा हलवू नका.

१९०७: ‘ल मातँ’ या वर्तमानपत्रानं पेकिंगहून पॅरिसला जायचं आव्हान दिलं. गोबीचं वाळवंट आणि सायबेरिया ओलांडून प्रिन्स बोर्गेझे, त्याचा मेकॅनिक एत्तोरे गुइत्सार्दी आणि वार्ताहर लुइजी बार्झिनी ‘इताला’ गाडीतून १० ऑगस्टला पॅरिसमध्ये शिरले, दोन महिन्यांनी. शहर ते शहर शर्यत मेली नव्हती. ती युरोपाबाहेरच्या रस्त्यांवर निघून गेली होती. १९०८: मुंबई-कोल्हापूर चाचणीत ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची रोल्स-रॉइस सहा घाटांसह ६२० मैल धावून गाजली आणि मग ग्वाल्हेरच्या माधवरावांनी ती विकत घेतली. पुढं दोन महायुद्धं, स्वातंत्र्य, संयुक्त महाराष्ट्र.

थांबा. १९६८, डिसेंबर लागला आहे.

धुळ्यात आता दोन राष्ट्रीय महामार्ग एकमेकांना छेदतात. आग्रा रोडला क्रमांक तीन मिळालाय. आणि सहा क्रमांकाचा रस्ता थेट तुमच्या दारातून येतो: खामगाव, नांदुरा, मलकापूर, एदलाबाद, भुसावळ, जळगाव, एरंडोल, पारोळा. या खेपेला तुम्हाला दमणी नको, मद्रासची वेळही नको. एसटीची लाल गाडी पुरते. रस्त्यावर अ‍ॅम्बॅसिडर, फियाट, ट्रक. आणि बैलगाड्या, कापसाच्याच, त्याच फुगलेल्या अंगांनी.

या रात्री लंडन ते सिडनी मॅरेथॉन धुळ्यावरून जाणार आहे. लंडनच्या ‘डेली एक्सप्रेस’चे सर मॅक्स एटकिन यांनी ती काढली. आदल्या वर्षी पौंडाचं अवमूल्यन होऊन ब्रिटनचं मन खचलं होतं, त्यावर हा उतारा. म्हणजे पुन्हा एक वर्तमानपत्र, ल प्ती जूर्नाल, हेरल्ड, ल मातँ यांच्याच वंशातलं. २४ नोव्हेंबरला क्रिस्टल पॅलेसहून ९८ गाड्या सुटल्या. पॅरिस, इस्तंबूल, तेहरान, काबूल, खैबर खिंड, दिल्ली. मुंबईला बोटीवर चढायचं आणि ऑस्ट्रेलिया गाठायचं. पहिल्या क्रमांकाला दहा हजार पौंड. दिल्ली-मुंबई हे सुमारे १४०० किलोमीटर कापायला दिलेला वेळ २३ तासांहूनही थोडा कमी. १९०४ च्या मोटारींना त्यासाठी दिवसामागून दिवस आणि मुक्कामामागून मुक्काम लागले होते.

रस्ता याही वेळी बंद केलेला नाही. शक्यच नाही, हा रस्ता बंद केला तर उत्तर हिंदुस्थान आणि मुंबई यांच्यातली वाहतूक थांबेल.

शर्यतीच्या गाड्या येतात तेव्हा आधी उजेड येतो. एका गाडीला चार-सहा दिवे, पुढं लोखंडी नळ्यांचा पिंजरा, ऑस्ट्रेलियात कांगारू आडवे येतात म्हणून लावलेला. नाक्यावर माणसांची भिंत उभी आहे, मध्ये गाडी जाईल एवढीच फट, आणि ती फट गाडी दहा हातांवर आली की तेवढ्यापुरती रुंद होते. ट्रकवाले दिवे मंद करून कडेला घेतात. बैलगाडीवाला एक हात वेसणीला लावतो. बैल आता बुजत नाहीत, मोटारीचा आवाज त्यांच्या रक्तात उतरलाय. पॅरिस-माद्रिदच्या पासष्ट वर्षांनंतर तीच जुनी शर्यत, उघड्या रस्त्यावर, माणसांमधून. ती इथून जाऊ शकते, कारण रस्त्यावरची माणसं तिला जागा करून देतात. कुठल्याच निकालपत्रात त्यांचा रकाना नाही. असायला हवा होता, असं मी पूर्ण गांभीर्यानं म्हणतो.

रॉजर क्लार्कची लोटस कॉर्टिना जाते. मुंबईला तोच आघाडीवर असणार आहे. रोझमेरी स्मिथची कॉर्टिनाही येईल. इंजिनाचा जोर गेल्यामुळं ती खैबर खिंड उलटी, रिव्हर्स गिअरमध्ये चढली. अँड्र्यू कोवनची हिलमन हंटर इतकी साधी दिसते की कुणाचं लक्ष जात नाही. आणि जमिनीला चिकटून, नाक खाली घालून येणारी ती सिट्रोएन डीएस, तिला नीट बघून घ्या. आत लुसियां बिआंकी आणि जाँ-क्लोद ओजिए आहेत. बिआंकीनं दोन महिन्यांपूर्वीच पेद्रो रॉद्रिगेझबरोबर ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकलेली आहे. पुढं ऑस्ट्रेलियात तोच सगळ्यांना मागं टाकणार हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि त्यापुढचंही. ती डीएस लळिंगच्या दिशेला वळते, तुम्ही हात करता, पण आतल्या माणसाला काय सांगणार?

मुंबईहून ७२ गाड्या ‘चुसान’ बोटीवर चढतात आणि १३ डिसेंबरला फ्रीमँटलला उतरतात. वाळवंट आणि डोंगर ओलांडून १७ तारखेला, शेवट जवळ आलेला असताना, बिआंकी-ओजिए पुढं आहेत. नाउराच्या जवळ, शर्यतीसाठी बंद असायला हवा होता अशा रस्त्यावर, समोरून एक मिनी येते. तिनं तिथं असायलाच नको होतं. टक्कर समोरासमोर होते. मागून येणारा पॅडी हॉपकर्क आपल्या जिंकण्यावर पाणी सोडून थांबतो आणि अडकलेल्यांना बाहेर काढायला धावतो. पहिला येतो कोवन. सिडनीत ५६ गाड्या पोहोचतात. बिआंकी त्या अपघातातून वाचतो आणि पुढच्या मार्चमध्ये ल मान्सलाच, सरावाच्या वेळी, जातो.